सहा दहाचा पाहुणा

४ मार्च, मंगळवार

शनी ड्रॅगनच्या पोटावर बसत नाही! सकाळपासून तीनदा बसवला. ड्रॅगन उभा असला की शनीची कडी झोकात दिसतात. तो वाटीत तोंड घालायला वाकला की मधोमध दुमडतात. मग शनी राहतो बाजूला आणि सैल झालेला कमरपट्टा तेवढा दिसतो.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकीण, मागे येऊन उभ्या राहिल्या. "अवकाश हवंय गं, ढेरी नको," म्हणाल्या आणि गेल्या. सांगायला काय जातंय!

एक एप्रिलला खेळाचा नवा भाग बाहेर पडणार. आठ नव्या नक्ष्या, सगळ्या अवकाशाच्या. तेजोमेघ, धूमकेतू, ग्रहण, उल्का, शनी, ध्रुव, आकाशगंगा. आठवी अजून सुचलेली नाही. नऊ वर्षं झाली, मी लोकांच्या मोबाइलमधले पाळीव ड्रॅगन रंगवतेय. लोक अंडं घेतात, उबवतात, नाव ठेवतात, खाऊ घालतात आणि अंगावर माझी नक्षी चढवतात. एका नक्षीची अंडं, पिल्लू, मोठा अशी तीन वयं, प्रत्येक वयाच्या चौदा हालचाली. बेचाळीस चित्रं! आधी सगळी राखाडीत काढायची, मग त्यात रंग भरायचे. अशा आठ. आणि हातात महिनासुद्धा नाही.

५ मार्च

शनी पाठीवर नेला. बसला! ढेरी वाचली.

७ मार्च, शुक्रवार

तेजोमेघानं घोडं अडलं. रात्रीचं आकाश म्हणून अंग काळं केलं, वर जांभळे-गुलाबी ढग. मोठा करून पाहिला तर छान. फोनवर अंगठ्याएवढा झाला की नुसता डाग. पंख कुठे, पाय कुठे, काही कळत नाही.

घरी आणून आईला दाखवलं. आईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आता हात थरथरतो म्हणून मशीनवर चादर घातली आहे, पण जीभ तशीच धारदार आहे. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाली, "कोळशाच्या गोणीत पडला का हा?"

"आई, अवकाश आहे ते."

"असेल. पण काळ्यावर काळा तुकडा लावलास तर शिवण दिसणार कशी?"

मग कपाटातून चिंध्यांचा डबा काढला. खिडकीपाशी नेऊन चार काळे तुकडे ओळीनं मांडले. मला चारही सारखेच! "नीट बघ," म्हणाली. मिनिटभर पाहत राहिल्यावर एक निळ्याकडे गेला, एक तपकिरीकडे, एक हिरव्याकडे. चौथा मात्र ठार काळा. "हा फक्त आत, अस्तराला. वर वापरायचा नाही, माणूस आजारी दिसतं."

निळा काळा पंखांना, तपकिरी काळा पोटाला. ठार काळा फक्त पंखांच्या घडीत. एका तासात ड्रॅगन डागातून बाहेर आला. आई म्हणाली, "माझं नाव घाल खाली." घालणार कुठे, आमचीच नावं कुणी घालत नाही.

१० मार्च, सोमवार

आज यादी आली.

खेळात नक्ष्यांना चौसष्टच जागा. आठ यायच्या तर आठ जायला हव्यात. जायच्या कोणत्या, ते प्रोग्रामर ठरवतो. त्याला आम्ही वजाबाकी म्हणतो. तोंडावर म्हणतो, त्यालाही आवडतं. त्याचं म्हणणं असं की आमचे अर्धे खेळणारे जुने फोन वापरतात. खेळ जरा जड झाला की त्यांचे फोन गुदमरतात आणि नवा भाग उतरतच नाही. हे खोटं नाही. म्हणून तो सतत काहीतरी काढत असतो.

आठ नक्ष्या, पुढे प्रत्येकीचे आकडे — आज किती ड्रॅगनांच्या अंगावर आहे. सात जणींपुढे शून्य. आठवी: वाळवंट. एक.

वाळवंट माझी! कामाला लागले त्या महिन्यात केलेली, माझी पहिली. फिकट मातकट अंग आणि त्यावर वाऱ्यानं ओढल्यासारख्या बारीक रेघा. तीन आठवडे त्या रेघांत घातले होते. प्रत्येक पिसाऱ्यागणिक — पिसारा कसला, खवले! — रेघ वळण बदलते. मला वाटलं होतं लोक वेडे होतील. एका बाईनं लिहून पाठवलं, "ओल आलेल्या भिंतीसारखा दिसतो." झालं. त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

नक्षी काढून टाकली की ड्रॅगन आपोआप हिरवा होतो. साधा हिरवा, अंड्यातून निघतो तसा. उद्या बघते, हा एक वेडा कोण आहे.

११ मार्च

ड्रॅगनचं नाव पाहुणा. मालकाचं नाव नाही, नुसता आकडा.

नऊ वर्षं. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाहुण्याला एकदा खाऊ घातला जातो. कधी सहा नऊ, कधी सहा बारा. बाकी काही नाही! आंघोळ नाही, खेळणी नाहीत, शर्यत नाही, दुसरं अंडं घेतलं नाही. एकदाही नक्षी बदललेली नाही. आमचाच खेळ बंद पडला होता ते दिवस सोडले तर एक खाडा नाही. तीन हजारांहून जास्त सकाळी!

किती वेळ त्या नोंदी बघत बसले, कळलंच नाही. चहा निवला.

जगात एक माणूस आहे ज्याला माझी ओल आलेली भिंत आवडते. रोज उठून आधी तिच्याकडे बघतो. खरं सांगते, आनंदानं डोळे भरून आले. चाळिशी उलटलेल्या बाईनं असं कौतुकाला हपापणं बरं दिसत नाही. पण हे पान माझं आहे, इथे कोण बघतंय.

१२ मार्च

वाळवंट जाऊ देणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

भांडले. वजाबाकी म्हणाला, "एका माणसासाठी?"

"एक म्हणजे शून्य नव्हे. तुझाच विषय आहे हा."

त्याला हसू आलं, पण यादी खाली ठेवली नाही. मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी आधी मला विचारलं, "नक्षी तुझी आहे म्हणून?" मी म्हटलं, नाही, त्या माणसासाठी. तोंड लाल झालं असणार. त्यांनी यादी हातात घेऊन वाचली. मग म्हणाल्या, "चौसष्टाच्या पासष्ट करायला माझी ना नाही. पण वजन वाढता कामा नये. एका नक्षीइतकं दुसरं काहीतरी शोध आणि काढ. आठ नव्या जाहीर केल्यात, त्यांना हात लावायचा नाही."

वजाबाकी बाहेर येऊन म्हणाला, "काय काढणार? मी सगळं पिळून ठेवलंय." खरंच पिळलंय मेल्यानं.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी. दुपारी टॅबवर खेळ उघडून बसले, काय काढता येईल ते बघायला. मागचे ढग? सगळ्यांचे आवडते. घरट्यांचे प्रकार? वजाबाकीनं आधीच अर्धे केलेत. विचार करता करता माझ्या ड्रॅगनला खाऊ घातला.

आतल्या खोलीतून आई ओरडली, "अगं, भरदुपारी गुळण्या कसल्या करतेस? घसा धरलाय का?"

मी पोट धरून हसले. आईनं बरोबर ओळखलं! त्या गुळण्या माझ्याच आहेत. कामाला लागले तेव्हा स्टुडिओत आवाजाला माणूसच नव्हता. सगळ्यांनी मला चहाच्या खोलीत कोंडलं आणि फोन पुढे धरला. मी गाजरं कडाकडा चावली, मग कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या. शेवटी पाणी नाकात जाऊन ठसका लागणार, तो दाबताना तोंडातून एक लांब "हूंऽऽ" निघाला. तोच ठेवला. ड्रॅगन पोटभर जेवून सुस्तावला म्हणून! पिल्लाचा आवाज, मोठ्याचा आवाज, सगळे त्याच गुळण्यांतून. पुढे मी ते विसरूनही गेले. कामाला बसले की माझा आवाज बंदच असतो.

आईला सांगितलं तर म्हणाली, "पगार रंगाचा आणि गुळण्या फुकट."

१८ मार्च, मंगळवार

सुटलं! जागा मिळाली!

आज आवाजाची बैठक होती. वर्षभरापूर्वी आवाजाला माणूस आला. नाटकांना संगीत देऊन केस पिकलेले गृहस्थ आहेत. मान एका बाजूला करून ऐकतात, म्हणून आम्ही त्यांना कानसेन म्हणतो. त्यांनी अवकाशासाठी नवं संगीत केलंय. फार सुरेख. लांबून येतं आणि लांबच राहतं. म्हणाले, "अवकाशात आवाज पोचत नाही. तेव्हा डरकाळ्या नकोत, पंखांची फडफड नको. खाताना, झोपताना, उडताना — हेच वाजू दे."

मी विचारलं, "म्हणजे जुने आवाज लागणारच नाहीत?"

कानसेन म्हणाले, "खाण्याचा जुना आवाज तेवढा ठेवावा असं मला वाटतं. खोटा आहे, कळतं. पण खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटतं तो ऐकून."

"अहो, त्या गुळण्या आहेत माझ्या!" सगळे हसले. सगळ्यांत जोरात मी. म्हटलं, "तसंही आवाज बंद करूनच खेळतात सगळे."

वजाबाकीनं वजन केलं. सगळे जुने आवाज मिळून जवळपास एक नक्षी! त्यानं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. पाच मिनिटांत काढले. कानसेन कागद गोळा करून गेले. वाळवंट राहिली.

१९ मार्च

आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्या माणसाला विचारलंस का?" काय विचारायचं? आवडते म्हणून तर नऊ वर्षं तीच ठेवली!

२४ मार्च, सोमवार

आठवी सुचली. चंद्राची माती. आईचा तो हिरव्याकडे झुकणारा काळा खाली घातला आणि वर राखाडी धूळ. खड्डे मुद्दाम खांद्यावर ठेवले, म्हणजे चालताना हलतात. अंडं तर इतकं गोजिरं झालंय की मोठ्या बाई त्याच्याकडे पाहून चक्क "अगंबाई" म्हणाल्या. आकाशगंगेचं पिल्लू अजून राहिलंय. डोळे चुरचुरतात, मान आखडली आहे. मजा येतेय.

२९ मार्च, शनिवार

सगळं दिलं. दिवसभर झोपले.

१ एप्रिल, मंगळवार

आठही बाहेर! दुपारपर्यंत पत्रांचा पाऊस. एका बाईनं आपल्या एकोणीस ड्रॅगनांना एकदम ग्रहण चढवलं. कुणी लिहिलं, माझी म्हातारी तेजोमेघात लग्नाला निघाल्यासारखी दिसते. शनीची कडी वाकताना दुमडत नाहीत, हेही एकानं हेरलं. त्याला शोधून चहा पाजावासा वाटला. संगीताचंही कौतुक आहे. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जरा जास्तच जोरात.

मी मात्र उद्याची वाट बघतेय. सहा दहाची. नव्या भागात पाहुणा तसाच मातकट, एक रेघ हललेली नाही. उलट नव्या उजेडात रेघा जास्त उठून दिसतात. त्याला कळेल. मला खात्री आहे.

२ एप्रिल

सहा दहा. खाऊ घातला. सहा अकरा, पुन्हा! मग पुन्हा. सहा पंचवीसपर्यंत अकरा वेळा!

वजाबाकीला नोंद दाखवली. "खादाड झाला तुझा पाहुणा." त्याला काय कळणार? उजेड आवडला त्या माणसाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो थांबला, खेळला! दिवसभर शीळ घालत होते. आई म्हणाली, "काय लॉटरी लागली?" लागलीच म्हणायची.

३ एप्रिल

तेवीस वेळा. पाऊण तास. पोट भरल्याची पाटी येऊनसुद्धा घालतच राहिला.

आज आनंद जरा कमी झाला. का, ते कळत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सहा दहा — काही नाही. साडेसहा, सात, नऊ. काही नाही. ऑफिसात दर तासाला पाहिलं. पाहुणा वाटीपाशी बसलाय. नऊ वर्षांतला पहिला खाडा.

५ एप्रिल, शनिवार

आजही नाही. म्हातारा माणूस असेल तर? सहा वाजता उठणारा, एकटा? असली वेळ पाळणारा माणूस एकदम थांबतो तो कशानं? नोंदीत फक्त आकडा आहे, पत्ता नाही, फोन करता येत नाही. आई म्हणाली, "सारखं काय बघतेस त्यात? कुणाची वाट बघतेस?" मी म्हटलं, पाहुण्याची. ती म्हणाली, "मग दोन घास जास्तीचे करायचे का?" मला हसू आलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

पत्र आलं. तक्रारी वाचणारी आमची पोस्टमास्तरीण सकाळीच कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. "हे वाच. तुझा तो आकडा आहे बघ."

मला वाटलं होतं तसाच म्हातारा माणूस. जिवंत आहे, ठणठणीत आहे. टेलिफोनच्या कचेरीत जन्मभर काम केलं. डोळ्यांनी दिसत नाही, दहा वर्षं झाली. पत्र फोनवर बोलून लिहिलंय, त्यामुळे एकाही वाक्याला पूर्णविराम नाही. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालं.

बायको गेली तेव्हा भाचीनं फोनमध्ये हा खेळ घालून दिला. "मामा, घरात काहीतरी असू दे." नक्षी निवडायची वेळ आली तेव्हा फोननं यादी वाचायला घेतली. "मला काय करायचंय रंगाशी, पहिलं नाव ऐकलं तेच दाबलं" त्या महिन्यात नवी होती ना माझी वाळवंट. नवी नक्षी यादीत सगळ्यात वर असते.

"सकाळी चहा झाला की मी त्याला घालतो तो कडाकडा खातो मग घशात काहीतरी गुडगुड करतो आणि शेवटी हूं म्हणतो तो हूं ऐकला की मी कप धुतो मग माझा दिवस सुरू होतो"

"परवापासून नुसतं गाणं लागतं पुन्हा पुन्हा घातलं तो खात नाही मला वाटलं माझंच काही चुकतंय दुसऱ्या दिवशी जास्त वेळ घातलं तरी नाही"

"तो गेला असेल तर कृपया स्पष्ट कळवा मी मनाची तयारी केली आहे उगाच रोज हाका मारत बसायला नको"

आणि खाली, वेगळ्या ओळीत: "तो कोणत्या रंगाचा होता तेवढं सांगाल का कुणाला विचारायचं राहूनच गेलं"

होता, म्हणतात!

चहाच्या खोलीत गेले आणि दार लावून रडले. जिथे गुळण्या केल्या होत्या तिथेच. अकरा वेळा, तेवीस वेळा तो माणूस हाका मारत होता आणि मी शीळ घालत फिरत होते. माझ्या रेघा त्यांनी कधी पाहिल्याच नाहीत. याचंही वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. त्यांना सोबत होती ती माझ्या घशाची. आणि ती मीच, सगळ्यांत मोठ्यानं हसून, काढायला लावली.

बाहेर आले तर कानसेन पत्र वाचत उभे होते. मला वाटलं आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "जुन्या आवाजांची एक प्रत माझ्याकडे आहे. टाकून देववली नाही."

वजाबाकीनंही वाचलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. मग हळूच म्हणाला, "घालू या परत. आजच. त्यांचाही फोन जुनाच असणार, तेव्हा वजन... काढायचं काय?"

९ एप्रिल, बुधवार

परवाच वाळवंट माझ्या हातानं काढली आणि जुने आवाज परत घातले. बेचाळीस चित्रं, एक कळ.

उत्तर काल पाठवलं. पाहुणा सुखरूप आहे, घसा बसला होता, आता बरा आहे. रंगाबद्दल आधी पानभर लिहिलं होतं, वाळूचं, वाऱ्याचं, प्रत्येक रेघेचं. मग सगळं खोडलं. लिहिलं, "हिरवा."

आज सहा दहा. एकदाच.